इंजिनातला बोल्ट गोल झाला? पाइप लावण्याआधी हे वाचा

नागपूर : संत्रा तोडून ठेवला आहे, सकाळी कळमन्याला माल पोहोचवायचा आहे आणि पिकअप सेल्फ घेत नाही. सेल्फ काढायला बसलं तर खालचा बोल्ट निघतो, वरचा निघत नाही. तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात दडलेला असतो. हात जातो तर नजर जात नाही, नजर जाते तर पाना फिरत नाही. जोर लावला की 'टक' आवाज येतो, पाना फिरतो आणि बोल्ट जागेवरच राहतो. बोल्टचं डोकं गोल झालेलं असतं.

काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत जिल्ह्यात गाडीला पहिला पाना मालक नाही तर ड्रायव्हर लावतो. मिस्त्री नंतर येतो. त्यामुळे पाना पहिल्यांदा सटकल्यावर मालक काय करतो, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. तिथेच थांबलं तर काम बहुतेक वेळा एखाद्या गोटीवर निभावतं. रागाने पाइप लावला तर बोल्ट तुटतो, अॅल्युमिनियमचे आटे जातात आणि एका बोल्टसाठी इंजिन उतरवायची पाळी येते. म्हणून खालच्या पायऱ्या सौम्य उपायापासून कडक उपायापर्यंत क्रमाने दिल्या आहेत. एक पायरी करून पाहिल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नये.

आधी ओळखा, नेमकं काय झालं

गावात तिन्ही गोष्टींना 'बोल्ट स्लिप झाला' असंच म्हणतात. पण तिघांचे उपाय वेगळे आहेत.

डोकं गोल होणे : पाना सटकतो, बोल्ट हलत नाही. आतले आटे शाबूत असतात. यात सुटका होण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आटे जाणे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चुडी मरणे : बोल्ट फिरतच राहतो, पण बाहेर येत नाही आणि घट्टही होत नाही. डोकं चांगलं असतं, आतलं भोक खराब झालेलं असतं.

बोल्ट तुटणे : डोकं हातात येतं, दांडा आत राहतो. तुटण्याआधी बोल्ट रबरासारखा मऊ लागतो. जोर लावावा तसा तो फिरल्यासारखा वाटतो, पण सुटत नाही. हाताला असं जाणवलं की तिथेच थांबा.

डोकं गोल का होतं

पहिलं कारण म्हणजे चुकीच्या नंबरचा पाना. आपल्याकडे एकाच घरात मारुतीची गाडी, महिंद्रा किंवा टाटाची पिकअप आणि जुना ट्रॅक्टर असतो, आणि तिघांचे पाने एकाच डब्यात पडलेले असतात. मारुतीत जपानी पद्धत असल्याने ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं सहसा १२ नंबरचं असतं. टाटा-महिंद्राच्या गाड्यांत त्याच जाडीच्या बोल्टला बहुतेक ठिकाणी १३ नंबर लागतो. जुन्या जीप आणि जुन्या ट्रॅक्टरांत इंची बोल्ट सापडतात. त्यातला अर्धा इंची पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो १२ च्या बोल्टवर बसतो, पण नीट बसत नाही. १३ चा पाना १२ च्या बोल्टवर फक्त कोपऱ्यांना टेकतो. जोर लागला की कोपरे घासले जातात आणि डोकं गोल होतं.

दुसरं कारण पान्याचा प्रकार. उघड्या तोंडाचा फिक्स पाना डोक्याच्या दोनच बाजू धरतो आणि जोर आला की तोंड फाकतं. रिंग पाना जास्त चांगला, पण तो बहुतेक बारा कोनी असतो आणि कोपऱ्याजवळच पकडतो. सहा कोनी गोटी डोक्याच्या सपाट बाजूंवर दाब देते. अवघड बोल्टला पहिल्यापासून सहा कोनी गोटीच लावावी.

तिसरं कारण माती. पावसाळ्यात चिखल डोक्यावर बसतो, वाळला की सिमेंटसारखा होतो. डोक्यावर मातीचा थर असेल तर गोटी अर्धीच आत जाते. युरिया, पोटॅशची पोती वाहणाऱ्या गाड्यांत खताची भुकटी ओल धरते आणि बोल्ट लवकर गंजतात.

चौथं कारण जागा. अडचणीत पाना सरळ बसत नाही, तिरपा बसतो. एक्स्टेंशनला मध्ये दुसरा भाग लागतो, गोटी वाकडी होते आणि पहिल्याच झटक्यात कोपरे जातात.

पाचवं कारण उलटी दिशा. गाडीखाली झोपून किंवा मागच्या बाजूने हात घालून काम करताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि सोडायचा बोल्ट आवळला जातो. नियम एकच : बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून पाहिलं असता घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने सुटतो. डोकं दिसत नसेल तर तसाच एक बोल्ट हातात धरून दिशा ठरवून घ्या.

काम सुरू करण्याआधी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तासाभरानेही हात भाजतो. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं लोखंडच हात लावू देत नाही. गाडी सावलीत घ्या, काम सकाळी करा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सेल्फ आणि डायनामोवर बॅटरीची जाड वायर थेट येते. पाना तिला आणि बॉडीला एकदम लागला तर ठिणगी पडते, पाना लाल होतो.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका. स्टँड लावा, दुसऱ्या चाकांना ठोकळे लावा. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाने एकाएकी फुटतात, ते वापरू नयेत. हातोडी आणि ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. वेल्डिंगवाल्याचा साधा पांढरा गॉगलही चालतो.

मोबाइलचा उपयोग इथे होतो. टॉर्च लावून मोबाइल फटीत घाला आणि व्हिडिओ काढा. बोल्टचं डोकं किती शिल्लक आहे, बाजूला काय आहे, गोटी जायला जागा किती आहे, हे बाहेर बसून मोठं करून पाहता येतं. जो भाग काढाल त्याचा आधी फोटो घ्या. निघालेले बोल्ट जेवणाच्या ताटात क्रमाने ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी लावल्याने नंतर बरीच नुकसानी होते.

सगळ्यात मोठा उपाय : जागा करा

अवघड जागेतला बोल्ट अवघड असतो तो जागेमुळे. तोच बोल्ट मोकळ्या जागी असता तर दोन मिनिटांत निघाला असता. म्हणून आधी अर्धा तास जागा करण्यात घालवा. एअर फिल्टरचा डबा, त्याचा पाइप, बॅटरी, बॅटरीचा ट्रे, चाकाच्या आतलं प्लास्टिक, सायलेन्सरवरचा पत्रा, पट्टा, जे सहज निघतं ते काढून बाजूला ठेवा. पुष्कळ गाड्यांत पुढचं चाक काढून बाजूने गेलं तर डायनामोचा खालचा बोल्ट समोर दिसतो.

ओम्नी आणि ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथे सीट नुसतं उचलून, एका हाताने धरून काम करू नका. सीट पूर्ण बाहेर काढा. काही बोल्ट वरून कधीच नीट पकडता येत नाहीत, ते गाडीखालून सरळ येतात. वरून पाना तिरपा बसत असेल तर खालून लांब एक्स्टेंशन लावून पाहा.

एक्स्टेंशन सरळ जात नसेल तर मध्ये वळणारा सांधा लावता येतो. त्याला गॅरेजवाले युनिव्हर्सल जॉइंट किंवा 'वळता सांधा' म्हणतात. पण सांधा जितका जास्त वळेल, तितकी गोटी तिरपी होऊन सटकते. गोल झालेल्या बोल्टवर शक्यतो सरळ एक्स्टेंशनच हवं.

पायरी पहिली : साफसफाई आणि तेल

तारेचा ब्रश किंवा जुना दात घासायचा ब्रश घेऊन डोकं आणि त्याची कड साफ करा. अॅलन की किंवा स्टार बिटचा बोल्ट असेल तर खाचेतली माती सुईने किंवा टोकदार खिळ्याने पूर्ण काढा.

मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. तो डोक्यावर मारून उपयोग नाही, बोल्ट ज्या सांध्यातून आत जातो त्या कडेला मारा. दांडा पलीकडून बाहेर आला असेल तर तिथेही मारा. स्प्रे नसेल तर डिझेल किंवा रॉकेल काही प्रमाणात काम करतं, पण वेळ जास्त लागतो. गरम सायलेन्सरवर असं काही टाकलं तर आग लागते, म्हणूनच इंजिन थंड हवं. पट्टा आणि ब्रेकवर थेंब जाऊ देऊ नका.

स्प्रे मारल्यावर लगेच पाना लावायचा नाही. डोक्यावर मधोमध लोखंडी पंच ठेवून हातोडीने आठ-दहा मध्यम ठोके द्या. ठोक्याने गंज फुटतो आणि तेल आत उतरतं. अर्ध्या तासाने पुन्हा तेल, पुन्हा ठोके. वेळ असेल तर संध्याकाळी तेल टाकून सकाळी काम करा.

पायरी दुसरी : लहान गोटी ठोकून बसवणे

गोल झालेल्या डोक्याचा नंबर थोडा कमी झालेला असतो. त्याच्यापेक्षा जरा लहान, सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवली तर ती डोक्यात रुतते. जुनी गोटी वापरा, नंतर ती बोल्टमधून काढताना खराब होऊ शकते. कुठल्या नंबरला काय बसतं ते असं :

१० चं डोकं : ३/८ इंची गोटी, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर.
१२ चं डोकं : ११ ची गोटी.
१३ चं डोकं : अर्धा इंची किंवा १२ ची गोटी.
१४ चं डोकं : १३ ची गोटी.
१७ चं डोकं : १६ ची गोटी.

जुन्या जीप-ट्रॅक्टरचे इंची पाने भंगारात देऊ नयेत, ते याच कामाला येतात.

गोटी बसल्यावर आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेने दाबा. केसभर हलला तरी गंजाची पकड सुटते. मग सोडायच्या दिशेने छोटे, कडक झटके द्या. एकदम लांब जोर लावण्यापेक्षा टॉमीवर तळहाताचे ठोके चांगले. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. पुढे-मागे करत काढलेला बोल्ट सहसा तुटत नाही.

पायरी तिसरी : गोल बोल्टसाठीची खास गोटी

बाजारात गोल बोल्ट काढायच्या गोट्यांचा संच मिळतो. या गोटीच्या आत उलट्या वळणाच्या धारा असतात. गोटी ठोकून बसवली आणि सोडायच्या दिशेने फिरवली की धारा डोक्यात आणखी रुततात. ज्याच्याकडे दोन-तीन गाड्या किंवा ट्रॅक्टर आहेत त्याने हा संच घरी ठेवलेला बरा. पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून एक घेतला तरी चालतो. वर्षातून दोनदा लागतो, पण लागतो तेव्हा तालुक्याला जायला वेळ नसतो.

अॅलन की गोल झाली असेल तर जरा मोठ्या नंबरची स्टार बिट खाचेत ठोकून बसवा. ती नवे कोपरे तयार करते.

पायरी चौथी : पक्कड, कानस, छिन्नी

डोक्याच्या बाजूला बोटभर जागा असेल तर व्हाइस ग्रिप, म्हणजे लॉक होणारी पक्कड, कडक आवळून लावा. साधी पक्कड किंवा पाइप पाना इथे डोकं आणखी खराब करतो.

कानस घालायला जागा असेल तर डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट करा. १४ चं डोकं घासून १२ चं केलं की फिक्स पाना घट्ट बसतो.

छिन्नीचा उपायही जुना आहे. डोक्याच्या कडेला छिन्नीने एक खाच पाडायची, मग छिन्नी तिरपी धरून सोडायच्या दिशेने ठोकायचं. लोखंडी ब्लॉकमध्ये हे चालतं. बाजूला अॅल्युमिनियम असेल तर छिन्नी सटकून त्याला तडा जातो, तिथे हा उपाय नको.

पायरी पाचवी : उष्णता

उष्णतेने गंजाची पकड सुटते. पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. अॅल्युमिनियम रंग बदलत नाही, ६६० अंशांच्या आसपास एकाएकी ढासळतं. आजच्या बहुतेक गाड्यांचं हेड आणि गिअरबॉक्सचं कव्हर अॅल्युमिनियमचं असतं. गॅस कटिंगची ज्योत त्यावर धरणं म्हणजे हेड हातचं घालवणं.

लोखंडी मॅनिफोल्डमधल्या बोल्टला उष्णता देता येते, तीही अनुभवी माणसाकडून. आसपास पेट्रोल-डिझेलचा पाइप, वायर, ऑइल सील, रबर नको. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर घरी ज्योत पेटवूच नये. बोल्ट तापवून निवत असताना त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत उतरतं आणि वंगणाचं काम करतं. जुने मिस्त्री अजूनही हे करतात. पण आधी तेल मारलेलं असेल तर ते पूर्ण पुसून घ्या.

पायरी सहावी : नट वेल्ड करणे

डोकं पूर्ण गेलं असेल तर त्यावर एक मोठा नट ठेवून, नटच्या भोकातून वेल्डिंग करून तो डोक्याला जोडतात. नवा नट म्हणजे नवं डोकं. शिवाय वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये उतरते आणि गंज सुटतो. गॅरेजमध्ये न निघणाऱ्या बोल्टवर हाच भरवशाचा उपाय समजतात.

मात्र बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्याशिवाय आणि कॉम्प्युटरचा प्लग सोडल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका. अर्थिंगचा चिमटा त्या बोल्टजवळच लावायला सांगा, बंपरला नको. करंट सेन्सर आणि बेअरिंगमधून गेला तर ते खराब होतात. जवळ ओलं गोणपाट आणि वाळूची बादली ठेवा. वेल्डिंग लाल असताना फिरवू नका, लाली जाऊन थोडं निवलं की फिरवा.

पायरी सातवी : डोकंच उडवणे

सेल्फ, डायनामो, वॉटर पंप असे भाग बोल्टने दाबून धरलेले असतात. काहीच चाललं नाही तर ड्रिलने बोल्टचं डोकं कापता येतं. डोक्याच्या बरोबर मध्यावर पंच मारून आधी बारीक, मग बोल्टच्या दांड्याएवढी बिट लावतात. डोकं सुटून पडलं की भाग ओढून बाहेर काढता येतो आणि दांड्याचा तुकडा बाहेर उभा राहतो.

इथे एक फायदा आहे जो अनेकांना माहीत नसतो. बोल्ट घट्ट राहतो तो डोक्याखालच्या ताणामुळे. डोकं गेलं की ताणही जातो. मग तोच दांडा व्हाइस ग्रिपने, कधी कधी तर बोटांनीही फिरून निघतो. दांड्यावर आटे दिसत असतील तर दोन नट एकमेकांवर लॉक करून आतल्या नटला पाना लावता येतो.

ड्रिलचा चुरा गिअरबॉक्सच्या घरात किंवा ऑइलमध्ये जाऊ नये म्हणून भोवती ग्रीस लावलेलं फडकं ठेवा. चुरा ग्रीसला चिकटतो.

आटे गेले असतील तर

बोल्ट नुसता फिरत असेल तर डोक्याखाली पेचकस किंवा पातळ पट्टी घालून बाहेरच्या दिशेने दाब द्या आणि त्याच वेळी बोल्ट सोडायच्या दिशेने फिरवा. शाबूत राहिलेला एखादा आटा पकडला की बोल्ट बाहेर येतो.

भोक मात्र दुरुस्त करावंच लागतं. टेफ्लॉन टेप, तार किंवा एम-सील भरून बोल्ट बसवणं हा उपाय नाही. कंपनाने तो बोल्ट रस्त्यात सुटतो. योग्य काम म्हणजे हेलिकॉइल. भोक थोडं मोठं करतात, त्यात नवे आटे पाडतात आणि स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवतात. त्यात जुन्याच मापाचा बोल्ट लागतो. अॅल्युमिनियममध्ये असं दुरुस्त केलेलं भोक आधीपेक्षा मजबूत होतं. हे काम लेथवाल्याकडे किंवा चांगल्या इंजिन मिस्त्रीकडे होतं. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर एमआयडीसीच्या आसपास असं काम करणारे सापडतात.

बोल्ट आत तुटला असेल तर

दांडा थोडा बाहेर असेल तर पक्कड किंवा वेल्ड केलेला नट. आत खोल तुटला असेल तर मधोमध भोक पाडून त्यात ईझी-आउट नावाचं उलट्या आट्यांचं टोक फिरवतात. हे टोक फार कडक पोलादाचं असतं. जास्त जोराने ते आतच तुटलं तर साधी ड्रिल त्याला कापू शकत नाही, आणि मग काम लेथवाल्याच्याही हातात राहत नाही. म्हणून आत तुटलेला बोल्ट पहिल्यांदाच अनुभवी माणसाकडे न्यावा. शक्य असेल तर उलट्या दिशेने चालणारी ड्रिल बिट मागा. भोक पाडता पाडताच पुष्कळदा बोल्ट फिरून बाहेर येतो.

कुठे स्वतः हात घालू नये

पुढच्या जागी पाना एकदा सटकला की थेट मिस्त्रीला बोलवा : हेडचे बोल्ट, टायमिंग पट्टा किंवा चेनचं कव्हर, डिझेल इंजेक्टर, हीटर प्लग, स्टीअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट. डिझेलचा हीटर प्लग आत तुटला तर हेड उतरवावं लागू शकतं. स्टीअरिंग-ब्रेकच्या बोल्टवर माणसांचा जीव असतो.

गाडी वॉरंटीत असेल तर घरी काहीच करू नका. गॅरेजमध्ये देताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या : कुठली पद्धत वापरणार, बोल्ट तुटला तर पुढचं काम फोन करून विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि काढलेला जुना बोल्ट परत द्यायचा. घरी काय काय करून पाहिलं तेही मिस्त्रीला खरं सांगा. लपवलं तर तो तीच चूक पुन्हा करतो.

नवा बोल्ट कसा घ्यावा

गोल झालेला बोल्ट पुन्हा लावू नये. जुना बोल्ट दुकानात घेऊन जा, कारण नुसत्या जाडीवर बोल्ट जुळत नाही. १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन आट्यांत सर्रास मिळतात. जपानी पद्धतीच्या गाड्यांत १.२५ चे आटे पुष्कळ असतात, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो, मग अडतो, आणि माणूस पाना लावून तो आत घुसवतो. आटे मरण्याचं हे मोठं कारण आहे. नवा बोल्ट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच गेला पाहिजे.

डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ म्हणजे मजबूत बोल्ट, १०.९ म्हणजे त्याहून मजबूत. जुन्यावर जो आकडा असेल तोच किंवा कंपनीने सांगितलेला घ्या. आकडाच नसलेला बोल्ट इंजिनला लावू नये.

आवळताना अंदाज असा : ८.८ च्या ६ मिलिमीटर बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरला २५ आणि १० मिलिमीटरला ५० च्या आसपास जोर पुरतो. अॅल्युमिनियममध्ये त्याहून कमी. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरावा. हाताच्या भाषेत सांगायचं तर वीतभराहून थोड्या मोठ्या, २५ सेंटिमीटरच्या पान्यावर १० किलोचा दाब म्हणजे जवळपास २५ न्यूटन-मीटर. अर्धा मीटर पाइपवर २० किलोचा दाब दिला तर ते १०० होतात, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला लागतात त्याच्या चौपट. पाइप लावून आवळलेला बोल्ट पुढच्या वेळी का निघत नाही, याचं उत्तर यात आहे.

सायलेन्सरकडच्या बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं राहिला की सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट चिकटतो, ग्रीसने ते टळतं. ग्रीस लावल्यावर बोल्ट कमी जोरातच घट्ट होतो, त्यामुळे थोडा कमीच आवळा.

हंगामाआधी एवढं करा

संत्रा किंवा कापूस निघण्याआधी, गाडी रिकामी उभी असताना, एकदा इंजिन धुऊन सेल्फ, डायनामो आणि सायलेन्सरच्या बोल्टवर तेल मारून ठेवा. डब्यातले पाने वेगळे करा. १२, १३ आणि अर्धा इंची यांना वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. १०, १२, १३, १४ आणि १७ नंबरच्या सहा कोनी गोट्या, एक लांब एक्स्टेंशन, एक व्हाइस ग्रिप, तारेचा ब्रश आणि स्प्रेचा एक डबा गाडीत असू द्या.

आणि घरातल्या प्रत्येक पाना धरणाऱ्याला, ड्रायव्हरपासून पोरापर्यंत, एक गोष्ट सांगून ठेवा : पाना पहिल्यांदा सटकला की हात थांबवायचा, बॅटरी काढायची, टॉर्च लावून पाहायचं. दुसरा झटका त्यानंतर.